मंगळवार पेठेतला बिनपाटीचा डबा, आणि भावाच्या ट्रान्सप्लांटआधीचे पाच महिने

आधीच सांगते, हा डबा करणाऱ्या काकूंनी नाव टाकू नको म्हणून बजावलंय, त्यामुळं नाव नाही आणि नंबरपण नाही. त्यांच्या दारात पाटीसुद्धा नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आत आत गेलं की एक जुनं कौलारू घर लागतं, पुढच्या सोप्यात ओळीनं स्टीलचे डबे पालथे घातलेले दिसले की समजायचं आलं घर. दिवसाला जास्तीत जास्त चौदा डबे, त्याच्यावर एक नाही. बरेचसे एकटे राहणाऱ्या आजी-आजोबांचे आणि दोन-तीन हॉस्पिटलचे. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत त्यातला एक डबा माझ्या धाकट्या भावाचा होता. ज्यांच्या घरात आत्ता कुणीतरी किमोला अ‍ॅडमिट आहे किंवा ट्रान्सप्लांटची तारीख कधी मिळतेय म्हणून डोळे लावून बसलंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय, कारण त्या वेळी आम्ही असलं काहीतरी वाचायला शोधत होतो आणि आम्हाला काही मिळालं नव्हतं.

भाऊ २६ वर्षांचा. लहानपणापासून तालमीत जाणारा, पहाटे रंकाळ्याला पळून यायचा आणि संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून समोर पिळलेलं म्हशीचं दूध पेल्याच्या पेले प्यायचा. श्रावणात त्याला ताप यायला लागला, जायचा परत यायचा. मग दात घासताना हिरड्यातनं रक्त, मांडीवर निळे डाग, आम्हाला वाटलं तालमीत लागलं असेल, त्यालापण तसंच वाटलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट ११ हजार, जिथं दीड लाखाच्या वर पाहिजेत. पुढच्या आठवड्यात बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची, तपासणी केली आणि डॉक्टरांनी बाबांना आणि मला आत बोलावून सांगितलं, एएमएल आहे, रक्ताचा कॅन्सर, किमो लगेच सुरू करायची आणि कॅन्सरच्या पेशी आटोक्यात आल्या की स्टेम सेल ट्रान्सप्लांटला, म्हणजे डोनरच्या रक्त तयार करणाऱ्या निरोगी पेशी अंगात सोडायला, पाठवायचं. बाबांनी विचारलं आपल्याकडं होतं का हे, तर ते म्हणाले १९८३ मध्ये मुंबईला टाटामध्ये पहिलं झालं, म्हणजे चाळीस वर्षं होऊन गेली. बाबांना त्या एका वाक्यानं किती धीर आला ते मी बघितलंय, पुढचे आठ दिवस भेटायला येईल त्याला ते १९८३ सांगायचे.

तर पहिली किमो सात अधिक तीन म्हणतात ती, एक औषध सात दिवस रात्रंदिवस सलाईनमधनं आणि दुसरं त्यातले तीन दिवस. किमो संपली की त्रास संपला असं आपल्याला वाटतं, खरं त्यानंतरच सुरू होतं. पांढऱ्या पेशी खाली खाली जातात आणि दोन-तीन आठवडे तिथंच राहतात. त्यात एएनसी म्हणून एक आकडा असतो, इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशींचा, तो ५०० च्या खाली गेला की साधा जंतूपण अंगावर येऊ शकतो. भावाचा एएनसी ६० पर्यंत गेला होता. हजारात नाही, नुसता ६०. ताप १००.४ ला पोचला की लगेच सिस्टरला सांगायचं, वाट बघायची नाही, क्रोसीन द्यायची नाही, हे आम्हाला पाठ करायला लावलं होतं.

आणि ह्या सगळ्यात जेवण. डाएटिशियन मॅडमनी एक कागद दिला. कच्चं काही नाही, कोशिंबीर नाही, कांदा-लिंबू नाही, दही-ताक नाही, लोणचं नाही, न उकळलेलं दूध नाही, बाहेरचा रस नाही, शहाळं नाही. फळ खायचं तर जाड सालीचं, केळ, मोसंबी, तेपण साल धुऊन मगच सोलायचं. अंडं पूर्ण उकडलेलं. पाणी उकळून गार केलेलं. ताजं शिजवलेलं, गरम, आणि दोन तासाच्या आत खाल्लेलं. कोल्हापूरच्या पोराच्या ताटातनं कांदा, लिंबू, दही, खरडा काढून घेतला की ताटात राहिलं काय सांगा.

आमचं घर गडहिंग्लजच्या बाजूला, तासा-दीड तासाचा रस्ता, तिथनं रोज दोन वेळा गरम डबा आणणं शक्य नव्हतं. आई-बाबा आलटून-पालटून हॉस्पिटलला, मी ऑफिस करून रात्री. सुरुवातीला आम्ही एक डबा लावला होता, नाव घेत नाही. त्यांना फोनवर सगळं सांगितलं, ते हो हो म्हणाले, आणि पहिल्याच दिवशी आमटीवर हिरवीगार कच्ची कोथिंबीर भुरभुरलेली. परत सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोथिंबीर नव्हती पण वरणाला आंबूस वास, भात गार, आणि पिशवीत सोबत कांद्याच्या फोडी कारण डबा भरणाऱ्या मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. आईनं तो सगळा डबा स्वतः खाल्ला, टाकवेना म्हणून, आणि भावाला त्या रात्री बिस्किटं आणि उकळलेलं दूध दिलं. मी त्या माणसांना वाईट म्हणत नाही, त्यांच्याकडं दिवसाला शेकड्यानं डबे जातात, त्यात आमचा एक वेगळा कोण लक्षात ठेवणार. पण आमच्याकडं तो एकच होता.

काकूंचं आम्हाला वॉर्डातल्या एका मावशींनी सांगितलं. मी संध्याकाळी गेले तर काकू भाकरी थापत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "कागद आणलाईस का डॉक्टरचा? वाच." मी वाचायला लागले आणि प्रत्येक ओळीला त्या मला विचारायला लागल्या, का? दही का नको? लोणच्यात एवढं मीठ असतंय ते का नको? कोथिंबीर धुऊन घातली तर? मला निम्म्या गोष्टींचं उत्तर येत नव्हतं, मी म्हटलं उद्या विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारून आले, पानांच्या भाज्यांत माती राहते, नुसत्या धुण्यानं सगळे जंतू जात नाहीत, शिजवल्यानं जातात. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे कोथिंबीर चालती, कच्ची चालत न्हाई. मग उकळी यायच्या आधी घालतो की." आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तसं त्या घालतो, करतो असंच बोलतात. पाच महिने भावाच्या आमटीत कोथिंबीर होती, उकळून काळपट झालेली, पण वास होता. तो पहिल्या दिवशी झाकण उघडून म्हणाला, घरच्यासारखा वास येतोय.

कागद त्यांनी कपाटाच्या दाराला कणकेनं चिकटवला. अजून तिथंच आहे, कडा पिवळ्या पडल्यात.

आता त्यांची पद्धत सांगते कारण हेच खरं सांगण्यासारखं आहे. सगळ्यात आधी, बाकीच्या तेरा डब्यांच्या आधी, पेशंटचा स्वयंपाक होतो. ओटा पुसून, विळी-सुरी उकळत्या पाण्यानं धुऊन, वेगळ्या पाटावर. ही शिस्त पहिल्या दिवसापासून नव्हती. तिसऱ्या आठवड्यात एकदा मुगाच्या आमटीवर वरनं ओलं खोबरं आलं, बाबांच्या लक्षात आलं, आम्ही ती दिली नाही. मी फोन केला तर काकू थोडा वेळ गप्पच झाल्या, मग म्हणाल्या सगळ्यांच्या डब्यात घालता घालता हात गेला माझा. त्या दिवसापासनं भावाचा डबा पहिला भरून, झाकून, बाजूला, आणि मगच खोबऱ्याची वाटी बाहेर. चूक झाल्यावर कारणं सांगणारी माणसं पुष्कळ भेटली ह्या पाच महिन्यांत, चूक झाल्यावर पद्धत बदलणारी कमी.

डबा तीन पुडांचा, तो भाताच्या मोठ्या कुकरमध्ये पाण्यावर ठेवून वाफवतात, चिमट्यानं बाहेर काढतात आणि फडक्यानं पुसत नाहीत, तसाच पालथा वाळू देतात. फडकं का नको हे त्यांनीच मला सांगितलं, "फडक्यालाच सगळी घाण असती बाळ." भात दर वेळी ताजा. सकाळचा भात संध्याकाळी फोडणीला टाकून देणं हे आपण सगळेच करतो आणि साध्या माणसाला सहसा काही होत नाही, पण शिजवलेला भात बाहेर राहिला की त्यात एक जंतू वाढतो आणि त्याचं विष परत गरम केलं तरी जात नाही, म्हणून शिळा भात अजिबात नाही. मसाला, चटणी, जिरेपूड, मिरपूड काय असेल ते शिजताना, वरनं काही नाही. पिण्याचं पाणी आम्ही हॉस्पिटललाच उकळायचो पण कणीकसुद्धा त्या उकळून गार केलेल्या पाण्यात मळायच्या. गरज होती का, मला नाही वाटत, चपाती तव्यावर भाजतेच. पण त्यांनी ते केलं.

आणि रोज सकाळी साडेसातला फोन. "आज किती?" म्हणजे एएनसी किती. रिपोर्ट आला नसेल तर कालचा सांगायचा. आम्हाला नातेवाईक विचारायचे कसा आहे, बरा आहे का, काय सांगणार होतो आम्ही, पण काकू आकडा विचारायच्या आणि आकड्यावर भाजी ठरायची. शंभरच्या खाली असला की मऊ भात, मुगाचं वरण, दुधी नाहीतर पडवळ, बटाटा. पाचशेच्या वर गेला की भाकरी, मसूर, उकडलेलं अंडं. ज्या दिवशी पहिल्यांदा १२०० झाला त्या दिवशी त्यांनी शेवयाची खीर पाठवली आणि डब्याच्या पिशवीत चिठ्ठी नव्हती काही नव्हतं, फक्त खीर नेहमीच्या दुप्पट होती, वॉर्डातल्या सिस्टरपर्यंत पुरली.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला पाहिजे. आमच्या डॉक्टरांनी नंतर एकदा निवांतपणे सांगितलं की हे एवढं कडक पथ्य पाळल्यानं इन्फेक्शन कमी होतं असं अभ्यासात ठामपणे दिसलेलं नाही, इटलीत तर ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये कडक पथ्यवाले आणि मोकळं खाणारे अशी तुलना करून बघितली आणि मोकळं खाणाऱ्यांना जास्त इन्फेक्शन झालं नाही. हात धुणं, नीट शिजवणं, ताजं खाणं, स्वच्छ भांडी, ह्याला महत्त्व आहे असं ते म्हणाले. पण तिथल्या स्वयंपाकघरात आणि आपल्याकडच्या पाण्यात, बाजारात फरक आहे, म्हणून आपल्याकडं अजून बरीच हॉस्पिटलं पथ्य सांगतात. तुमचे डॉक्टर काय सांगतात तेच करा. मी हे काकूंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, मग मी करतो तेच की, हात धुतो, ताजं करतो.

दुसऱ्या आठवड्यात भावाचं तोंड आलं. नुसतं आलं नाही, घशापर्यंत सोलवटलं होतं, थुंकी गिळतानापण डोळ्यातनं पाणी. आणि फोडणीचा वास आला की ओकारी. पोटात काही नाही आणि बुरशीवर दिलेलं एक पातळ औषध जेवणासोबतच, तेपण तुपा-दुधाच्या जेवणासोबत घ्यायचं, नाहीतर अंगी लागत नाही. म्हणजे जेवायला येत नाही आणि जेवल्याशिवाय औषध चालत नाही. त्या चार-पाच दिवसांत काकूंनी जे केलं त्यासाठी खरंतर हा रिव्ह्यू लिहितेय. फोडणी बंद. मिरची, चिंच, टोमॅटो बंद. तांदळाची पेज गाळण्यातनं दोनदा गाळून, त्यात तूप. रव्याची खीर इतकी पातळ की पेल्यातनं पिता येईल, गोकुळचं फुल क्रीम उकळून. नाचणीचं सत्त्व. बटाटा उकडून, गाळून, दुधात. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं, एका डब्याच्या पैशात चार खेपा. आणि फोनवर मला सांगितलं, डबा खोलीत उघडू नको, बाहेर पॅसेजमध्ये झाकण काढ, पहिली वाफ जाऊ दे, मग आत ने, वास त्या पहिल्या वाफेतच असतोय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि इतकी साधी गोष्ट होती. वाफ गेल्यावर आत नेलं तर त्या दिवशी अर्धा पेला पेज पोटात राहिली, औषध गेलं, आणि आई बाथरूममध्ये जाऊन रडून आली.

आणलं-नेलं त्यांचा मुलगा करतो, कॉलेजात आहे. तो कधीच वर यायचा नाही, खाली गेटवर उभं राहून मिस कॉल. एक दिवस त्यानं डबा गेटच्या कट्ट्यावर ठेवला, चार पावलं मागं गेला आणि लांबूनच म्हणाला, ताई मला शिंका येताहेत, तुम्ही उचला आणि वर जाताना हात धुवा. एकोणीस वर्षांचं पोरगं. आमचे स्वतःचे पाहुणे त्याच आठवड्यात खोकत आत आले होते, फुलांचा गुच्छ घेऊन, आणि दारातच थांबवलं म्हणून रागावून गेले. फुलांत आणि फुलदाणीच्या पाण्यात बुरशी-जंतू असतात म्हणून ती आत चालत नाहीत. प्रसाद, अंगारा सगळ्यांनी श्रद्धेनं आणला, आई तो घ्यायची, कपाळाला लावायची आणि त्याच्या नावानं स्वतः खायची.

नवरात्रातला प्रसंग. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीला जाते, त्या दिवशी शहरातनं गाडी काढणं म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. डबा साडेबाराला निघाला आणि गर्दीत अडकला. दोन वाजून गेले. भाऊ उपाशी, मी गेटवर, मुलाचा फोन लागेना. एवढ्यात काकूंचाच फोन, "तो डबा आता आला तरी त्याला देऊ नको. दोन तास होऊन गेलं. तुम्ही खावा. मी दुसरं चढवलंय." आणि पावणेतीनला त्या स्वतः आल्या, गल्लीतल्या कुणाच्यातरी स्कूटरवर मागं बसून, मांडीवर डबा, पदर खोचलेला. खिचडी होती, अजून हाताला चटका बसत होता. पैसे एकाच डब्याचे घेतले. मी दुसऱ्याचे द्यायला लागले तर म्हणाल्या, उशीर माझा झाला, त्याचं पैसं तू कशाला देतीस.

आईचे त्याच वेळी नऊ दिवसांचे उपास चालू होते, एरवी ती धरतेच पण ह्या वर्षी नुसत्या पाण्यावर राहायचं म्हणत होती. दोन दिवस तसं केलं तिनं आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डात तिला चक्कर आली. काकूंना हे मुलाकडनं कळलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या पिशवीत न सांगता चौथा डबा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं. आईला फोन करून त्या काय बोलल्या मला माहीत नाही, आई दारामागं उभी राहून ऐकत होती आणि हो हो म्हणत होती, पण तिनं खाल्लं. सोबत बसणाऱ्या माणसाचा डबा हा त्यांचा वेगळाच प्रकार आहे. पेशंटचा सपक, सोबतच्याचा अगदी व्यवस्थित, भाकरी, भाजी, चटणी, कांदा वेगळ्या पुडीत बांधून आणि वर खडूनं खूण, म्हणजे चुकून अदलाबदल नको. आम्हाला वाटायचं पोरगं पेज पितंय आणि आपण झणझणीत काय खायचं. बाबा दोन आठवडे चहा-पावावर होते आणि शुगर वाढवून बसले होते. काकूंच्या डब्यावर आल्यावर त्यांची शुगर खाली आली, तोंडावर रंग आला, आणि रात्री मी आले की ते घरी जाऊन झोपायला लागले.

रक्ताचं थोडक्यात सांगते कारण त्यावर लोक खूप विचारतात. प्लेटलेटच्या मोठ्या पिशव्या लागतात, एकाच माणसाच्या मशीनवर काढलेल्या, एसडीपी म्हणतात, त्याला तासभर ते दीड तास बसावं लागतं. तालमीतल्या पोरांनी यादीच केली होती, कोण कुठल्या दिवशी, कुणी डोकं दुखलं म्हणून अ‍ॅस्पिरिन घ्यायची नाही. सख्ख्या नात्यातल्यांनी मात्र ट्रान्सप्लांटआधी रक्त द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढं डोनर त्यांच्यातलाच निघाला तर शरीर त्या पेशी नाकारू शकतं म्हणून. त्यामुळं मी आणि मोठी ताई नुसत्या बघत बसायचो. नोव्हेंबरात एचएलए टेस्टचा, म्हणजे डोनरच्या आणि पेशंटच्या पेशी जुळतात का ते बघायच्या टेस्टचा, रिपोर्ट आला. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. ताईचं जुळलं नाही. माझं दहाच्या दहा जुळलं. मी तो कागद हातात घेऊन कुठं गेले असेन तर थेट मंगळवार पेठेत, का गेले मला सांगता येणार नाही. काकू चुलीपुढनं उठल्या, माझ्या हाताचा दंड चाचपून बघितला आणि म्हणाल्या, "आजपासनं तुझा पण डबा." आणि खरंच सुरू केला, नाचणीची भाकरी, मेथी, खजूर, अंडी. डोनरला वेगळं पथ्य असं काही नसतं, निरोगी पाहिजे एवढंच, मला चार-पाच दिवस इंजेक्शनं देणार, हाडं ठणकणार, आणि मग हातातनं रक्त घेऊन मशीनमधनं पेशी वेगळ्या काढणार. पण मला त्या डब्याचं ओझं झालं नाही कधी. ऑफिसात झाकण उघडलं की वाटायचं हे त्याच्यासाठीच खातेय.

नंतरच्या किमो डोस वाढवलेल्या होत्या, त्यात डोळ्यात दर सहा तासांनी थेंब टाकायचे, रात्री उठून उठून. त्या राऊंडना त्याला भूक होती आणि तो पांढऱ्या रश्श्याच्या मागं लागला होता. मटण नीट शिजलेलं चालतं, अडचण नारळाच्या दुधाची होती. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध शेवटी घालतात आणि उकळू देत नाहीत, नाहीतर फुटतं, हे इथल्या कुणालापण माहीत आहे. काकूंनी दोन दिवस विचार केला. मग मटणाच्या पाण्यात तीळ, खसखस, काजूचं वाटण, त्यात नारळाचं दूध घालून सगळं खळखळून उकळलं, पाच मिनिटं. फुटला रस्सा, दाणे दाणे दिसत होते. मिरची नावाला. डब्यासोबत निरोप आला, फुटलाय, पण कच्चं काय न्हाई त्यात. भावानं डबा तोंडाला लावला. दिसायला तो पांढरा रस्सा नव्हता आणि चवीला मी चाखला तर निम्मा होता. पण त्यानं तळाची वाटीसुद्धा चाटून पुसून ठेवली.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे. रविवारी संध्याकाळी डबा नसतो, त्या दिवशी तुमची तुम्ही सोय करायची. अकरा ते एक फोन उचलत नाहीत, कितीही करा. मीठ कमी पडतं, पेशंटचं ठीक आहे पण सोबतच्याच्या डब्यातपण कमी, आम्ही मिठाची पुडी ठेवायचो. दुधी आठवड्यातनं तीनदा. पैसे रोखच, ऑनलाइन घेत नाहीत, रात्री बाराला एटीएम शोधत फिरलेय मी. जागा नसेल तर स्पष्ट नाही म्हणतात आणि मग ओळख सांगून उपयोग नाही, माझ्या ऑफिसातल्या एकाच्या आईसाठी मी स्वतः जाऊन विचारलं तरी दहा दिवस थांबायला लागलं. एका वेळचे ११० रुपये पेशंटच्या डब्याचे, ८० सोबतच्याचे. ट्रान्सप्लांटचा खर्च दहा लाखांच्या पुढं सांगितलाय, योजना, ट्रस्ट, मुख्यमंत्री निधी सगळीकडं कागद लावलेत, त्या हिशोबाच्या वहीत डब्याची ओळ सगळ्यात लहान आहे.

परवा सोमवारी आम्ही नवी मुंबईला निघतोय. बेड मिळालाय. दातांची तपासणी झाली, किडलेली एक दाढ आधीच काढून टाकली, हृदयाची इको, फुप्फुसाची टेस्ट, माझ्या सगळ्या टेस्ट झाल्या. तिथं हॉस्पिटलजवळ खोली घेतलीय, आई स्वयंपाक करणार. गेला आठवडाभर ती रोज दुपारी दोन तास काकूंच्या स्वयंपाकघरात बसून येते, वही घेऊन. दोघी काय काय बोलतात देव जाणे, येताना तिच्या पदराला तुपाचा वास असतो.

रस्ता सात-आठ तासांचा, पहाटे निघायचं, आणि वाटेत हॉटेलात त्याला काही द्यायचं नाही. मी म्हटलं काकू, दोन तासांचा नियम आहे, तुमचा डबा साताऱ्याच्या पुढं चालायचा नाही. त्यांनी मुलाला पाठवून मोठ्या तोंडाचा थर्मास आणवला. जेवण गरमच्या गरम, साठ डिग्रीच्या वर राहिलं तर जंतू वाढत नाहीत, हे त्यांना मीच कधीतरी सांगितलेलं. आज शनिवारी त्यांनी करून बघितलं, थर्मासात आधी उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवलं, ओतून टाकलं, मग रटरटती खिचडी काठोकाठ भरून सकाळी सहाला झाकण लावलं. माझ्याकडनं जेवणाचा थर्मामीटर मागवून घेतला होता. दर तासाला झाकण उघडून बघायचं नाही, एकदाच, दहा वाजता, असं ठरवलं होतं.

दहा वाजून दोन मिनिटांनी फोन आला. मागं कुकरची शिट्टी चालू होती, काही नीट ऐकू येत नव्हतं. "अडुसष्ट," काकू ओरडून सांगत होत्या, "अडुसष्ट हाय. आणि वाफ हाय अजून."